झुंजारला वाचनालयाबाहेर कोणी काढले?

रहस्यकथेची बाजू घेणारा लेख एखाद्या मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात लिहावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. मुख्याध्यापकाने 'संस्कारक्षम वाचन' या विषयावर लिहावे, ज्ञानेश्वरीपासून आरंभ करावा आणि साने गुरुजींपाशी थांबावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ज्ञानेश्वरीविषयी आणि साने गुरुजींविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आज मला जे म्हणायचे आहे ते वेगळे आहे आणि ते आडपडदा न ठेवता म्हणतो. सीमाभागातल्या आपल्या घरांत मराठी वाचन मागे पडले. त्याला सरकारी धोरण, इंग्रजी शाळा आणि मोबाइल ही कारणे आहेतच. पण एक कारण आपल्या घरचे आहे. मराठीतून मिळणारी निखळ मौज आपणच हलकी ठरवली आणि आपल्याच हातांनी दाराबाहेर काढली.

त्या मौजेचा सर्वांत मोठा साठा कोणाकडे होता, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना सांगायला नको. बाबूराव अर्नाळकर, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, निधन १९९६ मध्ये. या एका माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि त्याची पत्नी विजया, धनंजय आणि त्याचा सहकारी छोटू, आणि रात्रीच्या अंधारात वावरणारा काळा पहाड ही मंडळी महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही मराठी घराघरांत ओळखीची झाली. त्यांच्या मागोमाग गुरुनाथ नाईक आले. त्यांचे कॅप्टन दीप आणि मेजर भोसले एका पिढीने डोक्यावर घेतले. नाईकांच्या पुस्तकांची संख्याही हजाराच्या पलीकडची. २०२१ मध्ये ते गेले. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास असे नायक उभे केले. एवढा संसार मराठीत चालला होता, आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत त्याला किती पाने मिळाली? बहुतेक ठिकाणी एक परिच्छेद आणि तोही नाक मुरडून लिहिलेला.

या पुस्तकांत गोडी कशाची होती, ते आधी पाहू. मालिकेतले नवे पुस्तक हाती आले की वाचकाला ओळखीच्या घरी शिरल्यासारखे वाटे. झुंजार कसा बोलेल, विजया कुठे हसेल, धनंजय कोणत्या क्षणी गप्प बसेल, हे ठाऊक असे. ठाऊक नसे ते एवढेच, की या वेळी खलपुरुष कोण आणि तो सापडणार कसा. कायद्याच्या बाहेर राहूनही सज्जनांच्या बाजूने लढणारा झुंजार पोलिसांच्या हाती लागू नये आणि दुर्जन मात्र लागावेत, अशी दुहेरी काळजी वाचक पानोपानी करी. दिवा मालवायची वेळ झाली तरी आणखी एक प्रकरण, एवढे एकच प्रकरण, असे करत पुस्तक संपे. आणि संपल्यावर चुटपुट लागे; दुसरे कुठे मिळेल याची चौकशी सुरू होई. वाचन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आता आक्षेपांकडे वळतो. ते मला पाठ आहेत; व्यासपीठावरून आणि शिक्षकांच्या खोलीत मी ते पुष्कळदा ऐकले आहेत.

पहिला आक्षेप असा, की या कथा साचेबंद आहेत. एक वाचली की सगळ्या वाचल्या. हा आक्षेप घेणारे गृहस्थ दरवर्षी रामनवमीला कीर्तनाला जातात. रामाचा जन्म बरोबर बारा वाजता होणार, हे त्यांना आधीपासून ठाऊक असते. कोकणातला आणि गोव्यातला प्रेक्षक दशावतारासाठी रात्रभर जागतो. संकासुर मरणार हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तिथे तक्रार नाही. साचा ठरलेला असला की ऐकणाऱ्याचे लक्ष आतल्या करामतीकडे जाते. मालिकेचा वाचकही तेच करत असतो.

आणि शिक्षक म्हणून मी आणखी एक सांगतो. ज्या मुलाला भाषा पुरती अवगत नाही, त्याला साच्याचा फार मोठा आधार असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या भागांतल्या मुलाच्या कानांवर घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी पडते. त्याच्या हातात एकदम कठीण कादंबरी दिली, तर नवी माणसे, नवे गाव आणि नवे शब्द एकाच वेळी अंगावर येतात, आणि ते मूल तिसऱ्या पानावर पुस्तक मिटते. मालिकेत माणसे ओळखीची, वळणे ओळखीची. म्हणून नवा शब्द आला तरी अडत नाही, संदर्भाने कळतो. पुढच्या पुस्तकात तोच शब्द पुन्हा भेटतो आणि आपला होतो. शब्दसंग्रह वाढवण्याची याहून सोपी युक्ती आमच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मला सापडलेली नाही.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत, एस. टी. डेपोतून निवृत्त झालेले. घरची भाषा मराठी, शिक्षण सगळे कन्नड शाळेत. ते मराठी वर्तमानपत्र खडाखडा वाचतात. मी एकदा त्यांना विचारले, "मराठी वाचायला कुठं शिकलात?" ते म्हणाले, "सर, मास्तरानं न्हाई शिकिवली. झुंजारनं शिकिवली. थोरला भाऊ पुस्तकं आणायचा आन् उशाखाली ठेवायचा. तो कामावर गेला की मी काढायचो. आधी जोडाक्षरं लागायची न्हाईत, तर अंदाजानं वाचायचो. पण कोण मेलं ते कळल्याबिगर ऱ्हावायचं न्हाई." शेवटचे वाक्य शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात छापावे असे आहे.

दुसरा आक्षेप उसनेपणाचा. अर्नाळकरांनी आणि इतरांनी इंग्रजी रहस्यकथांवरून पुष्कळ उचलले, हे खरे आहे. ते कोणी नाकारू नये. पण मग न्याय सर्वांना एकच लावा. बेळगावात शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' नाटक केले, ते आपण नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात मानाने बसवतो. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केले, त्याचा गौरव करतो. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी पोशाख चढवला आणि त्यांवर आपले आजोबा-पणजोबा वाचक झाले. परक्या मालाला मराठी करून घेण्याची आपली परंपरा जुनी आहे. झुंजारराव आला तर रूपांतर आणि झुंजार आला तर चोरी, हा कुठला न्याय? रूपांतराला जे निकष लावायचे ते लावा: भाषा आपली झाली का, माणसे आपली वाटतात का, वाचक गुंततो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर वाचकांनी कधीच देऊन टाकले आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा असतो आणि तो मी अधिक गांभीर्याने घेतो. खून, दरोडे, फसवणूक यांच्या गोष्टी वाचून मुले बिघडतील, अशी ही भीती. पालकांची काळजी मी समजू शकतो. परंतु या मालिकांचा कायदा काय आहे ते पाहा. गुन्हा घडतो, तो उघडकीला येतो, आणि गुन्हेगाराला किंमत मोजावी लागते. बाहेरच्या जगात हे किती वेळा घडते? वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे घोटाळे वर्षानुवर्षे चालतात आणि संशयित हार घालून घेत फिरतात; ते पान आपण मुलांपासून लपवत नाही. न्याय होतो, असा विश्वास ठेवायला शिकवणारी गोष्ट मात्र आपल्याला धोकादायक वाटते. सगळीच पुस्तके सारख्या योग्यतेची नाहीत, हेही मी मान्य करतो. काही घाईत लिहिलेली आहेत, काहींतली स्त्रियांची वर्णने आज वाचवत नाहीत. तेवढी निवड करायला घरात आणि शाळेत वडीलधारी माणसे आहेतच. पण काही आंबे नासके निघाले म्हणून कोणी आमराई तोडत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा मला अधिक खटकतात ते रहस्यकथेचे दयाळू पाठीराखे. ते म्हणतात, "वाचू द्या हो, निदान वाचनाची सवय तरी लागेल, मग आपोआप चांगल्या साहित्याकडे वळतील." या वाक्यात रहस्यकथा ही चपला काढून ठेवायची पायरी झाली, देव आत कुठेतरी. शिरवळकरांचेच उदाहरण घ्या. त्यांची 'दुनियादारी' ही १९८२ ची कादंबरी. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि जाणकारांनाही शिरवळकर आठवले. पण दारा बुलंदचे नाव काढले की तेच जाणकार 'सुरुवातीचे लेखन' म्हणून विषय बदलतात. ज्या वाचकांनी दारा बुलंदवर जीव लावला, त्यांच्या आनंदाची काहीच किंमत नाही काय? दिवसभर शिलाई मशीन चालवणारी बाई रात्री तासभर मेजर भोसल्यांच्या संगतीत रमत असेल, तर तिला पुढे कुठे जायचे आहे, हे विचारणारे आपण कोण? ती जिथे पोचायची तिथे पोचली आहे. मराठी वाचते आहे आणि सुखात आहे.

हा तुच्छभाव जगभर असतो, असे म्हणून आपण सुटका करून घेऊ शकत नाही. शेरलॉक होम्सचे उदाहरण पाहा. खुद्द कॉनन डॉइलला आपला हा मानसपुत्र आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या आड येतो असे वाटे. १८९३ मध्ये त्याने होम्सला धबधब्यात लोटून दिले. वाचकांनी एवढा गहजब केला, की १९०१ मध्ये होम्सची एक जुनी हकीकत म्हणून कादंबरी द्यावी लागली आणि १९०३ मध्ये तर त्याला चक्क जिवंत करावे लागले. १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा झाल्या. लेखकापेक्षा वाचकांना अधिक कळले होते, आणि इंग्रजी भाषेने वाचकांचे ऐकले.

परंतु इंग्रजांचे राहू द्या. बंगालकडे पाहू, कारण दुर्गापूजेच्या विशेषांकांची परंपरा आपल्या दिवाळी अंकांच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात फेलूदा नावाचा गुप्तहेर आणला. हे तेच राय, ज्यांच्या 'पथेर पांचाली'ने भारतीय चित्रपटाला जगात मान मिळवून दिला. त्यांना फेलूदा लिहिताना संकोच वाटला नाही. पुढे 'देश' या बंगालीतल्या अत्यंत प्रतिष्ठित साहित्यिक नियतकालिकाच्या पूजा अंकांतून फेलूदाच्या कादंबऱ्या येऊ लागल्या. कवी, समीक्षक आणि फेलूदा एकाच अंकात मांडीला मांडी लावून बसले. १९७३ मध्ये तर फेलूदा मूर्तिचोरांचा माग काढत आपल्या वेरूळच्या लेण्यांत येऊन गेला. आज फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत वाचायला मिळतो, आणि जे पालक झुंजारला नाक मुरडतात तेच तो कौतुकाने विकत घेतात. बंगालहून आला म्हणून तो संस्कारक्षम झाला!

त्याआधीचा बंगाली गुप्तहेर म्हणजे व्योमकेश बक्षी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी तो १९३२ मध्ये लिहायला घेतला. शरदिंदुबाबू १९५२ पासून पुण्यात राहत होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बंगालपासून शेकडो कोस दूर, मराठी मुलखात बसून ते बंगाली व्योमकेश लिहीत राहिले. परप्रांतात आपली भाषा कशी जपावी याचा हा धडा आपण सीमाभागातल्यांनी अवश्य घ्यावा. त्यांच्याच 'तुंगभद्रार तीरे' या विजयनगरच्या काळावरच्या कादंबरीला १९६७ चा रवींद्र पुरस्कार मिळाला. व्योमकेशचा लेखक म्हणून त्यांना कोणी पंगतीतून उठवले नाही.

आणि आपल्या शेजारच्यांचे काय? कन्नडमध्ये एन. नरसिंहय्या यांनी शेकडो पत्तेदारी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम आपल्या भागातल्या कन्नड घरांतल्या जुन्या वाचकांना विचारा, डोळे चमकतात. सामान्य माणसाला त्यांनी वाचायला शिकवले, असे कन्नड लोक कृतज्ञतेने सांगतात. त्याच्याही आधी गळगनाथांनी आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या आणि लोकांना कादंबरीची गोडी लावली. कन्नडिगांनी त्यांना कादंबरीचे पितामह म्हटले. वाचक घडवणाऱ्याचे ऋण मानायचे असते, एवढे आपण शेजाऱ्यांकडून शिकलो असतो तरी पुष्कळ झाले असते.

आपण काय केले? आमच्या भागातल्या एका वाचनालयाने काही वर्षांपूर्वी कपाटे आवरली. जागा अपुरी पडत होती, ही अडचण खरी होती. रहस्यकथांची जीर्ण पुस्तके सुतळीने बांधून रद्दीत गेली. ज्यांची पाने वर्षानुवर्षे कोणी फाडलेली नव्हती, कारण उघडलीच नव्हती, असे समग्र वाङ्मयाचे खंड मात्र आपल्या जागी राहिले. पुस्तक जीर्ण होते ते हाताळल्यामुळे. सर्वांत जास्त वाचली गेलेली पुस्तके त्याच कारणासाठी फेकली गेली, आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

झुंजार गेला, म्हणून रहस्याची भूक गेली काय? मुळीच नाही. 'सीआयडी' ही हिंदी मालिका १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चालली. तिचे दीड हजारांवर भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तिच्यातले एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम. त्याच साटमांना घेऊन, त्याच बी. पी. सिंग यांनी आधी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती. म्हणजे नट मराठी, सुरुवात मराठी, आणि मौज मात्र हिंदीच्या खात्यावर जमा झाली. आपल्या घरांतली मुले 'दया, दरवाजा तोड दो' म्हणत वाढली. त्यांचा काही दोष नाही. जिथे गोडी मिळाली तिथे ती गेली. आज ती मोबाइलवर इंग्रजी आणि कोरियन गुन्हेकथा रात्र रात्र पाहतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मराठी भेटते ती निबंधाच्या वहीत: 'माझी मातृभाषा', गुण दहा.

मंडळी, खरी गोम इथे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या भागात मराठी ही निवेदनांची, ठरावांची, मोर्चांची भाषा झाली. तो लढा आपल्या जागी योग्य आहे. त्यात माणसांनी तुरुंगवास भोगला आहे. त्याविषयी मी उणा शब्द काढणार नाही. पण घरात वाढणाऱ्या मुलीच्या दृष्टीने पाहा. कन्नड तिच्या नोकरीची भाषा, इंग्रजी बढतीची, हिंदी करमणुकीची. मराठी कशाची? कर्तव्याची. मराठीत बोल, मराठी वाच, मराठी टिकव. कर्तव्य म्हणून कोणी कधी रात्री दोन वाजेपर्यंत जागले आहे काय? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. मीही वाटले. पण अभिजात दर्जा दोन हजार वर्षांच्या जुन्या ग्रंथांना मिळतो. उद्या संध्याकाळी वाचायला पुस्तक मागणारे मूल त्याने मिळत नाही. ते मूल मिळते 'पुढे काय झाले?' या प्रश्नाने. ज्या भाषेत हा प्रश्न पडतो, ती भाषा घरातून जात नाही.

म्हणून केवळ टीका करून थांबत नाही, काही सुचवतो. आपल्या भागातल्या प्रत्येक मराठी वाचनालयाने एक कपाट रहस्यकथांना द्यावे. दारापाशी, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर. घरोघरी माळ्यावर जुनी पुस्तके आहेत. ती रद्दीवाल्याच्या आधी वाचनालयाने मागून घ्यावीत. शिवणाऱ्याला चार पैसे देऊन त्यांची बांधणी करावी. शाळांनी अवांतर वाचनाच्या तासाला ही पुस्तके द्यावीत, आणि कृपा करून त्यांवर प्रश्नपत्रिका काढू नये. दिवाळी अंकांच्या संपादकांनी, या अंकाच्याही, दरवर्षी एक रहस्यकथा मानाने छापावी. शेवटच्या जाहिरातींच्या पानांत कोंबून नव्हे. आणि तिच्यातला गुन्हा मुंबईतच घडला पाहिजे असे नाही. मार्कंडेयाच्या काठी, खानापूरच्या जंगलात, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत घडावा. साक्षीदार मराठीत बोलावा, फौजदार कन्नडमध्ये खेकसावा, आणि दोघांचे बोलणे समजणारी एखादी शाळकरी मुलगीच गुन्हेगार ओळखून दाखवावी. दोन भाषा येणाऱ्या माणसाला दोन बाजूंच्या कुजबुजी ऐकू येतात. गुप्तहेराला याहून मोठे भांडवल लागत नाही, आणि ते आपल्याइतके महाराष्ट्रात फार थोड्यांकडे आहे.

माझ्या शाळेत असे एक कपाट मी ठेवले आहे. त्यातली पुस्तके फाटतात, हरवतात. दोन तर परत आलीच नाहीत. कोणी नेली याचा मला चांगला सुगावा आहे, पण तपास मी बंद केला आहे. ज्या शाळेतून मराठी पुस्तके चोरीला जातात, त्या शाळेची चिंता करू नये. चिंता करावी ती कुलूपबंद, नीटनेटक्या, धूळ खाणाऱ्या कपाटांची. आणि त्यांच्या किल्ल्या कंबरेला लावून 'मुले वाचत नाहीत हो' म्हणणाऱ्या आपल्या सर्वांची.